चाळीस सेकंदांचे औषध: घरी अतिनील दिवा वापरताना

खानापुराहून बेळगावला यायचे म्हणजे बसने जवळजवळ एक तास, तिथून दवाखान्यापर्यंत रिक्षा, मग नंबर लावून बसणे, आणि ज्यासाठी ही सारी धावपळ करायची तो उपचार म्हणजे दिव्यांच्या पेटीत जेमतेम दीड मिनिट उभे राहणे. माझ्या भाचीने हे आठवड्यातून तीनदा, सलग दोन महिने केले. तिच्या गुडघ्यांवर, कोपरांवर आणि हनुवटीखाली कोडाचे डाग आहेत. शाळेचे तास बुडू लागले तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी घरी वापरण्याचा, हातात धरायचा अतिनील दिवा लिहून दिला. अक्काने तो आणून कपाटात ठेवला, आणि सर्वांना वाटले की कटकट मिटली. प्रवासाची कटकट मिटली हे खरे. मात्र दवाखान्यातील नर्सबाई आजवर जी काळजी घेत होत्या, ती सगळी आता घरातल्या माणसांच्या हातात आली होती आणि याची कल्पना आम्हा कोणालाच नव्हती. पहिल्याच आठवड्यात चूक झाली. ती कशी झाली आणि का झाली, हे नीट समजले तर या दिव्याविषयीचे निम्मे शास्त्र समजते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

सूर्यप्रकाशातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर याने 1801 मध्ये दाखवून दिले. त्यांनाच आपण अतिनील किरण म्हणतो. त्यांच्या लहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजतात, आणि त्यानुसार त्यांचे तीन गट पडतात. साधारण 315 ते 400 नॅनोमीटरचे ते ‘ए’ किरण. ते त्वचेत खोलवर जातात आणि खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. 280 ते 315 पर्यंतचे ते ‘बी’ किरण. ते त्वचेच्या वरच्या थरातच मुख्यत्वे शोषले जातात आणि साध्या काचेने बहुतांशी अडतात. त्याहून आखूड ते ‘सी’ किरण. सूर्याचे हे किरण वातावरणातच अडत असल्यामुळे जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. कोडासाठी आणि सोरायसिस या खवलेदार चट्ट्यांच्या आजारासाठी जो दिवा दिला जातो तो ‘बी’ गटातील अगदी अरुंद पट्ट्याचा, 311 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतो. हाच पट्टा निवडण्यामागे कारण आहे. याहून आखूड किरण त्वचा भाजतात, पण उपचाराला त्या मानाने उपयोगी पडत नाहीत. पूर्वीच्या रुंद पट्ट्याच्या दिव्यांत हे दोन्ही प्रकारचे किरण मिसळलेले असत.

दिवा लावला की जो निळसर-जांभळा उजेड दिसतो, तो काम करणारा प्रकाश नव्हे. काम करणारे किरण दिसत नाहीत, त्यांची ऊब लागत नाही, कातडीला चटका बसत नाही. तव्याला हात लागला तर हात आपोआप मागे येतो, उन्हात उभे राहिले तर घाम फुटतो आणि माणूस सावली शोधतो. या दिव्यापाशी शरीर असा कोणताही इशारा देत नाही. ‘बी’ किरणांनी येणारी लाली तीन ते सहा तासांनी दिसू लागते आणि तिचा जोर बारा ते चोवीस तासांनी सर्वाधिक असतो. आमची चूक नेमकी इथेच झाली. दुसऱ्या वेळी सकाळी दिवा दाखवल्यावर दुपारपर्यंत गुडघा होता तसाच होता. भाची म्हणाली, “आई, काहीच झालं नाही की गं, अजून थोडं मारूया.” अक्काने संध्याकाळी पुन्हा तेवढाच वेळ दिवा दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यावरचा डाग लालभडक झाला होता, दुपारपर्यंत तिला सलवारीचा स्पर्श सहन होईना, आणि पुढचे दहा दिवस उपचार बंद ठेवावा लागला. सकाळी दिलेल्या मात्रेचे उत्तर मिळण्याआधीच आम्ही तेवढीच मात्रा पुन्हा दिली होती.

म्हणूनच डॉक्टर हा उपचार दिवसाआड देतात; एका मात्रेचा परिणाम पूर्ण दिसल्याशिवाय दुसरी मात्रा द्यायची नाही, एवढाच त्यामागचा हेतू असतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आठवड्यातून तीनदा, किंवा काहींना दोनदा. सलग दोन दिवस कधीच नाही. आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे डॉक्टरांचेही फारसे लक्ष जात नाही. डॉक्टर कन्नडमध्ये बोलतात, कागदावर इंग्रजीत लिहितात, आणि घरात सगळा व्यवहार मराठीत चालतो. ‘दिन बिट्टु दिन’ म्हणजे दिवसाआड, हे बेळगाव शहरातल्या माणसाला सहज कळते. पण खेड्यातली एखादी आजी त्यातला ‘दिन’ तेवढा ऐकते आणि रोज दिवा दाखवू लागते. गोळीच्या बाबतीत असा घोळ झाला तर औषधाचे दुकानदार पाकिटावर रेघा मारून देतात, तसे कोणी या दिव्याच्या बाबतीत करत नाही. तेव्हा दवाखान्यातून उठण्यापूर्वीच वार, सेकंद आणि वाढ या तीन गोष्टी आपल्या भाषेत, आपल्या अक्षरात वहीत उतरवून घ्याव्यात आणि डॉक्टरांना वाचून दाखवाव्यात. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आता मात्रेचे गणित. ते अवघड नाही, पण ते समजून न घेता दिवा वापरणे धोक्याचे आहे. बेळगावात नळाला पाणी आले की बादली किती भरेल हे आपण दोन गोष्टींवरून ठरवतो: धार किती जोराची आहे आणि नळ किती वेळ चालू ठेवला. दिव्याचेही तसेच आहे. त्याची धार म्हणजे तीव्रता. ती मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर अशी मोजतात. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर एकूण जेवढी ऊर्जा जमा झाली ती मात्रा. ती मिलिजूलमध्ये मोजतात. तीव्रतेला सेकंदांनी गुणले की मात्रा मिळते. कोडासाठी सुरुवातीची मात्रा बहुतेक वेळा 200 मिलिजूल प्रति चौरस सेंटिमीटर धरतात. दिव्याची तीव्रता 5 मिलिवॅट असेल, तर 200 भागिले 5, म्हणजे 40 सेकंद. तीव्रता 10 मिलिवॅट असेल तर हीच मात्रा 20 सेकंदांतच पूर्ण होते, आणि 2 मिलिवॅट असेल तर त्यासाठी 100 सेकंद लागतात.

यातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निघतात. दवाखान्यातील पेटीत आपण किती सेकंद उभे होतो, तो आकडा घरच्या दिव्याला लागू होत नाही, कारण दोन्हींची धार वेगळी असते. आणि शेजारच्या गावातील ओळखीच्या माणसाला डॉक्टरांनी ‘दीड मिनिट’ सांगितले आहे, म्हणून आपणही दीड मिनिट दाखवावे, हेही चुकीचे. त्याचा दिवा निराळा, कदाचित त्याचा आजारही निराळा. सोरायसिससाठी सुरुवातीची मात्रा रुग्णाच्या त्वचेचा प्रकार पाहून ठरवतात, त्यामुळे कोडाचे कोष्टक तिथे चालत नाही. भाचीच्या कागदावर 40 सेकंदांपासून सुरुवात आणि दर वेळी दहा टक्के वाढ असे लिहिले होते. म्हणजे 40, मग 44, मग 48, मग 53, मग 58, असा क्रम. प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद अंदाजाने वाढवणे आणि हा हिशेब करणे यांत सुरुवातीला फरक वाटत नाही. वीस वेळा झाल्यावर मात्र तो फार मोठा झालेला असतो. घड्याळाकडे बघत मनातल्या मनात सेकंद मोजू नयेत. दिव्याला स्वतःचा टायमर असेल तर तो वापरावा, नसेल तर मोबाइलवर वेळ लावावी, आणि ती लावताना सेकंदांच्या जागी मिनिटे पडली नाहीत ना, हे दुसऱ्या माणसाने पाहावे.

अंतराचाही या गणितावर परिणाम होतो. दिवा जितका जवळ तितकी धार मोठी. नळीसारख्या दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले तर तीव्रता जवळजवळ दुप्पट होऊ शकते. हातात धरायच्या दिव्याला पुढे कंगव्यासारखे दात असलेला प्लास्टिकचा भाग असतो. डोक्यावरच्या केसांमधील डागापर्यंत प्रकाश पोहोचावा म्हणून केस बाजूला सारण्याचे काम तो करतो, आणि त्याचबरोबर त्वचा आणि नळी यांच्यातील अंतर कायम ठेवतो. आमच्या दिव्याचा हा कंगवा साफ करण्यासाठी काढला आणि परत बसवायचा राहून गेला, तर तोच दिवा, तेच सेकंद, पण मात्रा वेगळी. उभ्या फलकासारखा दिवा असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर फरशीवर रंगाने किंवा चिकटपट्टीने खूण करावी आणि पावले दर वेळी तिथेच ठेवावीत.

लाली ही या उपचारातील खरी मोजपट्टी आहे, आणि ती वाचायला शिकावे लागते. सावळ्या त्वचेवर लाली पटकन ओळखू येत नाही. कोडाच्या डागावर रंगद्रव्य नसल्यामुळे ती स्पष्ट दिसते, म्हणून डागाकडेच पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, नैसर्गिक उजेडात, ट्यूबलाइटखाली नव्हे. हलका गुलाबी रंग आला आणि चोवीस तासांत विरला, तर मात्रा जमली आहे. ती तशीच ठेवावी. काहीच रंग आला नाही तर ठरल्याप्रमाणे पुढच्या वेळी वाढवावी. लाली गडद असेल आणि चोवीस तासांनंतरही टिकली असेल, तर ती पूर्ण ओसरेपर्यंत थांबावे आणि नंतर ज्या मात्रेला असा त्रास झाला नव्हता तिथून पुढे जावे. दुखणे, सूज किंवा फोड आले तर दिवा बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करावा. फोड फोडू नयेत, त्यावर टूथपेस्ट किंवा हळद थापू नये.

कोडाच्या बाबतीत भाजण्याचा धोका इतर आजारांपेक्षा जास्त गंभीर आहे, आणि हे पुरेशा लोकांना सांगितले जात नाही याचे मला वाईट वाटते. कोड असलेल्या त्वचेला इजा झाली, मग ती ओरखड्याची असो, घट्ट नाडीच्या घर्षणाची असो की भाजल्याची, तर त्या इजेच्या जागी नवा डाग उमटू शकतो. वैद्यकात याला कोब्नर परिणाम म्हणतात. म्हणजे लवकर बरे व्हावे म्हणून जास्त वेळ दिवा दाखवणारा माणूस डाग भरण्याऐवजी वाढवून ठेवण्याची शक्यता असते.

डाग भरतो कसा, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की घाई आपोआप कमी होते. रंग तयार करणाऱ्या पेशी डागाच्या जागी नष्ट झालेल्या असतात, पण केसांच्या मुळांशी त्यांच्या मूळ पेशींचा साठा पुष्कळदा शिल्लक असतो. किरण त्या पेशींना जागे करतात आणि शरीराच्या संरक्षक यंत्रणेचा रंगपेशींवरचा हल्ला शांत करतात. जाग्या झालेल्या पेशी केसाच्या छिद्रातून वर येतात आणि तिथे मोहरीएवढा तपकिरी ठिपका उमटतो. भाचीच्या डाव्या गुडघ्यावर असे तीन ठिपके दिसले तेव्हा अक्काला वाटले की काही चावले आहे. भिंग घेऊन पाहिले तर प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एकेक लव होती. हे ठिपके पसरत जाऊन एकमेकांना मिळतात. ज्या जागी केसच नसतात, म्हणजे बोटांची टोके, ओठ, तळवे, तिथे म्हणूनच फायदा कमी दिसतो. डागावरचे केस पांढरे झाले असतील तर तिथेही आशा कमी. चेहरा आणि मान लवकर प्रतिसाद देतात. उपचाराचा उपयोग नाही असे म्हणण्यापूर्वी साधारण 72 वेळा दिवा दाखवून पाहावा असे तज्ज्ञ सांगतात. आठवड्याला तीनदा धरले तर ते 24 आठवडे होतात. गणपतीत सुरू केले तर शिमगा येईपर्यंत धीर धरायचा.

डोळ्यांविषयी तडजोड नको. उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणाऱ्या किंवा तिथे कोणी ओळखीचे असणाऱ्या माणसाला ‘डोळ्याला वेल्डिंग लागणे’ म्हणजे काय हे माहीत असते: दिवसा काही वाटत नाही, आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सोसवत नाही. तो अतिनील किरणांनीच झालेला दाह असतो, आणि हा दिवाही तेच करू शकतो. दिव्यासोबत येणारा, बाजूंनी पूर्ण बंद असलेला अतिनील-रोधक चष्मा दिवा लावण्यापूर्वी चढवावा आणि दिवा विझल्यावरच काढावा. जत्रेत मिळणारा काळा गॉगल चालत नाही. त्याच्या कडांतून प्रकाश आत येतो, आणि काच नुसती काळी असेल तर बाहुली अधिक उघडते, त्यामुळे नुकसान वाढते. दिवा धरणाऱ्यालाही वेगळा चष्मा हवा. खोलीत लहान मूल, तान्ह्याला घेऊन बसलेली सून, उत्सुकतेने डोकावणारा शेजारी, कोणीही असू नये. पापणीवर डाग असेल तर डोळे मिटून दिवा दाखवायचा की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. मोठ्या दिव्यासमोर अंगावर उपचार घेताना पुरुषांनी जननेंद्रिय जाड कापडाने झाकणे आवश्यक असते. डाग छोटा असेल तर त्याच्याभोवतीची निरोगी त्वचा सुती कापडाने झाकावी, नाहीतर ती काळवंडते आणि डाग अधिकच उठून दिसतो. दर वेळी झाकणाची कड त्याच जागी यावी, कारण कालपर्यंत झाकलेली त्वचा आज अचानक उघडी पडली तर तिला वाढलेली मात्रा सोसत नाही.

उपचारापूर्वी त्वचा धुऊन कोरडी करावी. मलम, सनस्क्रीन, अत्तर, पावडर, खोबरेल तेल यांपैकी काही लावू नये. काही वस्तू किरण अडवतात आणि काही वस्तू त्वचेला किरणांबाबत नाजूक करतात. तेल नंतर लावले तर हरकत नाही. दुसऱ्या प्रकारातल्या एका वस्तूविषयी विशेष लिहिले पाहिजे, कारण ती आपल्या घराघरांत आहे. बावचीच्या बियांचे तेल कोडावर लावण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि काष्ठौषधींच्या दुकानात ते आजही सहज मिळते. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि ते खरोखरच प्रभावी असते. म्हणूनच त्याची भीती बाळगायला हवी. सोरालेन लावलेल्या त्वचेवर ‘ए’ किरण, म्हणजे साधे ऊनसुद्धा, पडले तर मोठाले फोड येतात. घरातली वडीलधारी मंडळी मायेने सकाळी बावची लावून देतात, मूल तसेच शाळेच्या मैदानावर जाते, आणि एक-दोन दिवसांनी फोड उठले की सगळे दिव्याला दोष देतात. दिवा चालू असताना बावची पूर्ण बंद ठेवावी, आणि पूर्वी लावत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये. लिंबाचा रस आणि अंजिराचा चीक यांतही याच जातीची द्रव्ये असतात.

पोटात घेण्याची औषधेही डॉक्टरांना सांगावीत. मुरमांसाठीचे डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे ॲमिओडॅरोन, गजकर्णासाठी दिले जाणारे ग्रिसिओफल्विन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन: ही सारी प्रकाशाबाबत त्वचेला हळवी करणारी म्हणून ओळखली जातात. उपचार चालू असताना तापासाठी दुसऱ्याच दवाखान्यात गेलात तर तिथेही दिव्याचा उल्लेख करावा. ल्युपस (शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते तो आजार) असलेल्यांनी किंवा पूर्वी त्वचेचा कर्करोग झालेल्यांनी तज्ज्ञाने तपासून स्पष्टपणे सांगितल्याशिवाय या दिव्याजवळ जाऊ नये.

या सगळ्याच्या आधी निदान हवे, आणि हे मी शेवटी नव्हे तर सुरुवातीलाच लिहायला हवे होते. प्रत्येक पांढरा डाग कोडाचा नसतो. बुरशीने येणारी शिबी साध्या मलमाने जातात. फिकट आणि बधिर डाग हा महारोगाचा असू शकतो, त्याची औषधे पूर्ण वेगळी असतात, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात आणि उशीर केला तर नसांचे नुकसान होते. कोडाच्या डागात स्पर्श, ऊब, टोचणे हे सगळे नीट कळते. टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर किंवा रबरी चपलेच्या पट्ट्यामुळे पावलावर नेमक्या त्याच आकाराचा पांढरा डाग उठतो. तिथे पहिला उपचार म्हणजे ती टिकली, ती चप्पल बंद करणे. कोड स्पर्शाने पसरत नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानेही ते होत नाही. मुलीच्या लग्नाच्या काळजीने डाग लपवून ठेवणारी, आणि गुपचूप कुठलातरी दिवा मागवणारी घरे आपल्या भागात आहेत. त्या घरांतील कोणी हे वाचत असेल तर त्यांनी एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, एवढे मनापासून सांगतो.

‘कुठलातरी दिवा’ असे मी मुद्दाम म्हटले. युरोप-अमेरिकेत गोरी त्वचा सावळी करण्यासाठी टॅनिंगचे दिवे आणि पलंग घरीही वापरतात. आपल्याकडे टॅन हा शब्द पार्लरमध्ये ‘काढण्याच्या’ गोष्टीसाठी वापरतात, तेव्हा कोणी हौसेने असा दिवा आणेल असे नाही. परंतु ऑनलाइन शोधताना तो ‘यूव्ही लॅम्प’ या मोघम नावाने, वैद्यकीय दिव्याच्या शेजारीच दिसतो. टॅनिंगचा दिवा मुख्यतः ‘ए’ किरण देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये अशी उपकरणे मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकली, आणि त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली. कोडाला त्याचा उपयोग नाही, त्याची मात्रा आपल्याला ठाऊक नसते, आणि धोका मात्र पुरेपूर. नखांचे पॉलिश वाळवण्याचा दिवा हाही ‘ए’ किरणांचाच. त्याहून वाईट म्हणजे कोरोनाच्या काळात जंतू मारण्यासाठी घरात आलेल्या पेट्या आणि कांड्या. त्यांतील ‘सी’ किरण, बहुधा 254 नॅनोमीटरचे, डोळे आणि त्वचा जाळतात. ती वस्तू भाजीसाठी आणली असेल, अंगासाठी नाही. 311 नॅनोमीटरचा उल्लेख, तीव्रतेचा आकडा आणि सोबत संरक्षक चष्मा, हे तिन्ही नसलेला दिवा घेऊ नये.

मग वैद्यकीय दिव्याने कर्करोग होत नाही का, असा प्रश्न अक्कानेही विचारला. कोडाच्या रुग्णांत या अरुंद पट्ट्याच्या उपचाराने त्वचेचा कर्करोग स्पष्टपणे वाढल्याचे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. तरीही हे अतिनील किरणच आहेत, म्हणून वर्षातून एकदा संपूर्ण त्वचा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, नवा किंवा बदलणारा तीळ, न भरणारी जखम दाखवावी, आणि गरज संपल्यावर दिवा वापरू नये.

ज्या दिवशी दिवा दाखवला त्या दिवशी भर उन्हात काम करणे टाळावे. बेळगाव विषुववृत्तापासून जेमतेम 16 अंशांवर आहे; वर्षातून दोनदा, साधारण मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. उसाच्या फडात किंवा तंबाखूच्या शेतात दुपारभर राबणाऱ्या माणसाला आकाशातून मिळालेली मात्रा वहीत कुठेच नोंदलेली नसते. बाही लांब, डोक्याला रुमाल, आणि उघड्या डागांवर सनस्क्रीन, पण ते दिव्यानंतर.

वीज गेली तर काय करायचे, हे कोणत्याही पुस्तिकेत ठळकपणे लिहिलेले नसते, आणि खानापूरच्या पावसाळ्यात तर हा प्रश्न दर आठवड्याला येतो. दिवा मध्येच विझला तर किती सेकंद झाले ते लगेच लिहावे. वीज पाच मिनिटांत आली तर फक्त उरलेले सेकंद पूर्ण करावेत. वीज आल्यावर टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्याच्या नादी लागू नये. किती झाले हे कळलेच नसेल, तर त्या दिवसाचा उपचार झाला असे धरावे. विजेचा दाब कमी असताना नळीचा प्रकाशही कमी होतो, म्हणून दिवे मंद जळत असताना उपचार करू नये आणि त्याची भरपाई म्हणून सेकंदही वाढवू नयेत. जमिनीची तार जोडलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच दिवा लावावा, ओल्या हाताने नाही. नळी काळाबरोबर क्षीण होते; ती बदलली की नव्या नळीची धार जास्त असते, त्यामुळे जुने सेकंद तसेच चालू ठेवणे म्हणजे भाजून घेणे. नळी बदलल्यावर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी. तिच्यात पारा असतो; फुटली तर खिडक्या उघडून, मुलांना बाहेर काढून, तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, झाडू किंवा हात वापरू नये.

खंड पडतोच. परीक्षा येते, लग्न येते, यात्रेला जाणे होते. चार ते सात दिवसांचा खंड असेल तर शेवटची मात्राच पुन्हा द्यावी, वाढवू नये. आठ ते चौदा दिवस झाले असतील तर साधारण पाव भाग कमी करतात, पंधरा ते एकवीस दिवस झाले तर निम्मी, आणि तीन आठवड्यांहून जास्त झाले तर पुन्हा 200 पासून सुरुवात. हे प्रचलित प्रमाण आहे. आपल्या कागदावर निराळे लिहिले असेल तर तेच पाळावे.

भाचीची वही साधी दोनशे पानी आहे. तारीख, सेकंद, दुसऱ्या सकाळची लाली, वीज गेली का, गोळी कुठली चालू, असे रकाने तिने पट्टीने आखले आहेत, आणि महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, तितक्याच अंतरावरून काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे. डॉक्टर ती वही पाहूनच पुढचा आकडा लिहितात. हनुवटीखालचा डाग आता भरला आहे. तिथे पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या महिन्यात एकदा, तिसऱ्या महिन्यात पंधरवड्यातून एकदा आणि मग बंद, असा उतरता क्रम डॉक्टरांनी लिहून दिला आहे. गुडघ्यांचे काम चालूच आहे, परवाच्या बुधवारी तिने लिहिलेली नोंद होती: “71 वे. डावा गुडघा, ठिपके एकमेकांना लागले. उजवा, अजून नाही.”